नदीवर काहून?

बुलडाणा जिल्ह्यात नदीनाल्यांच्या आडोशाने सर्वांत मोठी भटकंती कोणी केली, याची नोंद सरकारदरबारी आहे. प्रवाशाचं नाव टी१-सी१, वय तीन वर्षांच्या आसपास, जात वाघ. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून तो २०१९च्या जूनमध्ये निघाला. तेलंगणातल्या आदिलाबादकडे डोकावून आला, मग पैनगंगा अभयारण्य, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत डिसेंबरच्या सुरुवातीला ज्ञानगंगा अभयारण्यात दाखल झाला. तोवर गळ्यातल्या रेडिओ कॉलरने १,३०० किलोमीटरचा हिशेब दिला होता. पुढच्या मार्चपर्यंत हा आकडा ३,०००च्या पुढे गेला. लोकांनी त्याला ‘वॉकर’ असं इंग्रजी नाव दिलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचे नकाशे छापले.

एवढ्या वाटेत त्याला कोणी थांबवून ‘कोनाचा रे तू?’ असं विचारलं नाही. बुलडाणा जिल्ह्यात नदीकाठी विनाकारण फिरण्याची ही सवलत आजवर त्या एका वाघालाच मिळालेली आहे. माणसाला ती नाही, आणि भाड्याच्या सायकलवर बसलेल्या माणसाला तर नाहीच नाही.

तरी दरवर्षी कोणीतरी प्रयत्न करतो. पुण्याहून दिवाळीला घरी येणाऱ्या भाच्याला हल्ली फराळाबरोबर निसर्गही लागतो. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, पाठीला नळीतून पाणी प्यायची पिशवी आणि तोंडात प्रश्न: “मामा, इथे सायकल भाड्याने कुठे मिळते? नदीकाठचे ट्रेल करायचेत.” मामा पेपरातून डोकं वर काढतात. घरात गाडी आहे, गाडीत पेट्रोल आहे, पोराचे पाय शाबूत आहेत, मग हे कशासाठी, हे त्यांना उलगडत नाही. शेवटी ते मुद्द्याचं विचारतात, “नदीवर काहून? आज नळ आला ना घरी.”

या प्रश्नात सगळा जिल्हा येतो. इथे नदीवर जाणाऱ्याकडे काम असतं. कोणी म्हशी धुवायला जातो, कोणी मोटर चालू करायला, कोणी वांगी-मिरच्यांना पाणी द्यायला, कोणी दहाव्याला. नुसती नदी पाहायला जाणारा एकतर कवी असतो, नाहीतर महसूल खात्याचा.

वास्तविक नद्यांच्या बाबतीत हे शहर मोठ्या मोक्याच्या जागी बसलेलं आहे. बुलडाणा अजिंठ्याच्या रांगेवर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. शहराच्या दक्षिण अंगाला पडलेला पाऊस पैनगंगेत जातो. ती याच तालुक्यात मढ गावाजवळ उगम पावते, मेहकरला शारंगधर बालाजीच्या गावाला भिजवून पुढे विदर्भ-मराठवाड्याची शीव आखत वर्धा नदीला मिळते आणि ते पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोचतं. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस मात्र घाटाखाली उतरून नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा वाटांनी पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रात. जिल्ह्यातली माणसंही स्वतःची ओळख तशीच सांगतात, घाटावरचे आणि घाटाखालचे. एका गावाला दोन समुद्र निवडायची सोय क्वचितच असते. तिचा उपयोग करून घ्यायला सायकलवाला निघाला, की त्याला भूगोलाचा दुसरा धडा लगेच कळतो: दोन्हीकडे जाताना उतार आहे, म्हणजे दोन्हीकडून येताना चढ आहे.

तासावर भाडं मोजणाऱ्या माणसासाठी हा भूगोल महागाचा आहे. मलकापूर रोडने राजूर घाटात सायकल सोडली, की ती काही न करता पळते. ब्रेकचे रबर तापतात, डोळ्यांत वारा जातो, आपण जन्मजात सायकलपटू असल्याचा साक्षात्कार होतो, आणि थोड्याच वेळात माणूस घाटाखाली असतो. मग परतीला सायकल माणसाच्या हातात येते. खाली जाताना सायकलने त्याला नेलेलं असतं, वर येताना तो तिला आणतो, भाडं मात्र दोन्ही वेळेचं त्यानेच द्यायचं.

म्हणून जाणते लोक भाच्याला येळगाव सुचवतात. चिखली रोडवर, शहरापासून जवळ. सुंदरखेड आणि सागवन ही एकेकाळची स्वतंत्र गावं आता बुलडाण्याला इतकी चिकटली आहेत, की गाव कुठे संपतं आणि ले-आउट कुठे सुरू होतो हे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवरूनच कळावं. प्लॉटच्या कोपऱ्याला खुणेचे दगड, अर्ध्या बांधकामावर नजर लागू नये म्हणून टांगलेली काळी बाहुली, मध्येच तुरीचं एखादं वावर, ज्याच्या मालकाने अजून भाव मान्य केलेला नाही. उपनगर म्हणतात ते हेच. ते ओलांडलं की पैनगंगेवरचं येळगाव धरण. अख्खं शहर हेच पाणी पितं. पाण्याचा दाब वाढला की या धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात, माणूस लागत नाही. पावसाळ्यात ‘येळगाव ओव्हरफ्लो’ ही बातमी आली, की त्या संध्याकाळी सगळं बुलडाणा नदीकाठी हजर असतं. मक्याची कणसं भाजली जातात, मोटारसायकलींची रांग लागते, पाण्याकडे पाठ करून पाण्याचे फोटो निघतात. वर्षातून एकदा, सामुदायिक आणि सकारण. कारण असं, की आता वर्षभर नळाला पाणी येईल का, ते बघायचं असतं. त्यामुळे तिथे ‘काहून?’ असं कोणी विचारत नाही.

प्रश्न उरतो सायकलीचा.

भाड्याची सायकल ही या भागाला नवी गोष्ट नव्हे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, कुठल्याही गावात बसस्टँडजवळ एक सायकलचं दुकान असायचंच. बाहेर काळ्या सायकलींची ओळ, प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, आत टांगलेल्या ट्यूबा, पाण्याचं घमेलं आणि एक लांबट वही. भाडं चार आणे, आठ आणे, पुढे रुपया-दोन रुपये तास. पोरांसाठी छोटी सायकल वेगळी, आणि ती नेहमी दुसऱ्याच पोराने नेलेली. मग मोठीच सायकल घेऊन नळीखालून पाय घालत कैची मारायची. या आसनात नदीकाठचं काहीही दिसत नाही, समोरून येणारी बैलगाडीसुद्धा नाही. तरी वऱ्हाडातल्या दोन-तीन पिढ्यांनी जग प्रथम पाहिलं ते याच कोनातून.

वहीत नाव, सायकलचा नंबर आणि वेळ. अनामत काही नाही. दुकानदार फक्त विचारायचा, “कोनाचा रे तू?” बापाचं नाव सांगितलं की काम झालं. त्या एका उत्तरात पत्ता, पत, वर्तणुकीचा दाखला आणि वसुलीची हमी, सगळं जमा असायचं. आज एखादं अ‍ॅप ठिकाण, फोनबुक आणि कॅमेऱ्याची परवानगी मागतं तेव्हा लोक कुरकुरतात. त्या दुकानदाराने परवानगीसुद्धा मागितली नव्हती. पोरगं कोणत्या गल्लीतून गेलं, कोणाला डबलसीट बसवलं, हे त्याला सायकल परत यायच्या आधी कळलेलं असायचं आणि पोराच्या बापाला त्याच्याही आधी.

दुकानदाराचं घड्याळ हाही अभ्यासाचा विषय होता. सायकल नेताना ते मागे असायचं आणि आणताना पुढे. पाच मिनिटं उशीर झाला तर अर्ध्या तासाचे पैसे, पाच मिनिटं लवकर आणली तर “जाय बापा, आन एक चक्कर मारून.” पंक्चर झालं तर खर्च गिऱ्हाइकाचा, आणि पंक्चर जुनं की नवं हा वाद घमेल्यातल्या पाण्यात मिटवला जायचा. ट्यूबमधून बुडबुडा निघाला त्या जागी आधीचं ठिगळ दिसलं तर पोरगं सुटलं. नाही दिसलं तर घरी जाऊन खोटं बोलायची तयारी करायची.

हा धंदा बुडाला तो लोकांच्या हातात पैसा आल्याने. आधी लोक स्वतःची सायकल घ्यायला लागले. १९७२ साली फिरोदियांची लूना आली, तिला पेडल होतंच, त्यामुळे सायकल सोडल्याची टोचणीही लागली नाही. मग शंभर सीसीच्या मोटारसायकली आणि त्यांच्यामागे पतसंस्थांचं कर्ज. लांबट वही रद्दीत गेली. देशात कधीकाळी सर्वाधिक सायकली बनवणाऱ्यांपैकी एक असलेल्या अ‍ॅटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला. तारीख होती ३ जून, म्हणजे जागतिक सायकल दिन. असा मुहूर्त एखाद्या विनोदी लेखकाने काढला असता, तर संपादकाने तो अतिरंजित म्हणून कापला असता.

तिकडे मोठ्या शहरांनी हीच भाड्याची सायकल नवा रंग देऊन परत आणली. खरं तर रंगानेच सुरुवात झाली होती. १९६५ साली अ‍ॅमस्टरडॅममधल्या ‘प्रोव्हो’ नावाच्या तरुणांच्या गटाने सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर सोडल्या: ज्याला लागेल त्याने घ्यावी, काम झालं की सोडून द्यावी. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण कुलूप न लावता सायकल उभी करणं तिथे कायद्याने गुन्हा होता. पॅरिसने २००७ मध्ये ‘वेलिब’ योजना आणली. सुरुवातीच्या काही वर्षांतच हजारो सायकली चोरीला गेल्या किंवा मोडल्या, काही तर सीन नदीच्या तळातून वर काढाव्या लागल्या. नदी जवळून पाहण्याची फ्रेंच लोकांची आवड फारच खोल म्हणायची. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधला अशा सायकली आल्या. केशरी, पिवळ्या, निळ्या सायकलींनी पदपथ भरले, एकेका कंपनीने हजारोंचे आकडे जाहीर केले आणि दोन-तीन वर्षांत बऱ्याचशा कंपन्यांनी गाशा गुंडाळला. कुलूप उघडायला मोबाइल होता, जागा सांगायला उपग्रह होता. ‘कोनाचा रे तू?’ विचारायला कोणी नव्हतं. पुण्यात हा प्रश्न विचारला असता तर उत्तराऐवजी पाटी मिळाली असती, हा भाग वेगळा.

समजा, बुलडाण्यात सायकल मिळाली. आता ट्रेल. त्याला इथे पांदण म्हणतात. दोन वावरांच्या मधून नदीकडे उतरणारी, बैलगाडीच्या चाकांनी खोल गेलेली वाट. सरकारने २०२१ साली ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते’ नावाची योजनाही काढली, कारण पावसाळ्यात या वाटांवरून माणूस जाऊ शकत नाही. ते शब्दशः खरं आहे. काळी माती कोरडी असताना भेगाळते, ओली झाली की जीव लावते. सायकल पांदणीत शिरते, पन्नास पावलांवर चाकाला मातीची जाड पोळी चढते, आणखी थोडं पुढे ती मडगार्डात ठासते आणि चाक फिरायचं थांबतं. भाचा खाली उतरतो, बाभळीची काडी मोडून माती कोरतो, पुन्हा बसतो, पुन्हा उतरतो. तिसऱ्या वेळी तो सायकल खांद्यावर घेतो. शेजारच्या वावरात सोयाबीन सोंगणाऱ्या बाया हात थांबवून हे बघतात. आजवर त्यांनी सायकलवर बसलेली माणसं पाहिलेली असतात.

उन्हाळ्यात चिखल नसतो, तेव्हा काटे असतात. बाभूळ, वेडी बाभूळ, हिवर आणि जमिनीलगत लपलेला सराटा. सराट्याचा काटा कसाही पडला तरी त्याचं एक टोक वरच राहतं. निसर्गाने ही रचना सायकलची ट्यूब निघण्याच्या लाखो वर्षं आधी करून ठेवली. उन्हाळ्याचा फायदा एवढाच, की नदीकाठच्या वाटेऐवजी थेट नदीतून जाता येतं. एप्रिल-मेमध्ये जिल्ह्यातल्या कित्येक नद्यांचं पात्र हीच त्यांची सर्वांत रुंद आणि सपाट वाट असते. फक्त वाळूत सायकल चालत नाही.

वाळूवरून आठवलं. खडकपूर्णा आणि पूर्णेच्या काठी काही रस्ते चकित करण्याइतके पक्के दिसतात. चांगले रुंद, दाबून बसवलेले, थेट पात्रात उतरणारे. ते पर्यटन खात्याने केलेले नाहीत. ते रेतीच्या टिप्परांनी केलेत, बहुतेक रात्रीच्या पाळीत. अशा रस्त्यावर हेल्मेट घातलेला अनोळखी इसम सायकलवरून हळूहळू इकडेतिकडे पाहत जाऊ लागला, की बांधावरचा एक तरुण कुठेतरी फोन लावतो. तहसीलच्या पथकाची नवी चाल म्हणून त्याचं ‘लोकेशन’ पुढे जातं. दुसऱ्या बाजूने खरंच पथक आलं, तर ते त्याला टिप्परवाल्यांचा पाळतीवरचा माणूस समजतं. नदीकाठ पाहायला आलोय, हे उत्तर दोन्ही पक्षांना सारखंच संशयास्पद वाटतं, आणि त्या दोघांचं एकमत व्हावं असा दुसरा मुद्दा सापडायचा नाही.

पहाटे निघालं तर याहून अवघड. काही वर्षांपूर्वी राज्यभर जिल्हा परिषदांनी ‘गुड मॉर्निंग पथकं’ काढली होती. उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायचं, गुलाबाचं फूल द्यायचं, ऐकलं नाही तर दंड करायचा. पहाटे साडेपाचला गावाबाहेर नदीच्या दिशेने, एकटा, घाईत, आणि सोबत पाण्याची बाटली: पथकाला लागणारी सगळी लक्षणं सायकलपटूत पूर्ण भरतात. बाटली सायकलच्या नळीला खास पट्टी लावून बसवलेली असणं, हा तर पूर्वतयारीचा पुरावाच.

याच जिल्ह्यात पायी चालणाऱ्याचा मान मात्र वेगळा. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला विदर्भाच्या कानाकोपऱ्यांतून लोक चालत येतात. संस्थानची पालखी पंढरपूरला पायी जाते आणि पायीच परत येते. चालणाऱ्याला वाटेत चहा, फराळ, पायाला तेल, झोपायला शाळेची खोली. त्याला कोणी कारण विचारत नाही, कारण ते ठाऊक असतं. त्याच रस्त्याने सायकलवाला दिसला तर चहाचं पाल टाकून बसलेला माणूस काळजीने विचारतो, “गाडी बंद पडली का भाऊ?” नाही म्हटलं तर त्याला जास्त काळजी वाटते.

सायकलला गुळगुळीत रस्ता हवा, हेही खरं, आणि तो जिल्ह्यात आहे. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा भागांतून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि बुलडाण्याच्या वाट्याला आलेला हा सर्वांत सपाट रस्ता सायकलवाल्याने पुलाखालून, मान वर करून पाहायचा. पुढेमागे वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्प झाला, तर भंडाऱ्याच्या गोसीखुर्दपासून इथल्या नळगंगेपर्यंत सुमारे ४२६ किलोमीटरचा मार्ग तयार होईल. कालवा आला की त्याच्या काठाने देखभालीचा रस्ताही येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला मंजुरी दिली. भाच्याने तोवर सायकल भाड्याने घेऊन ठेवू नये. तासाचा दर चालू राहतो.

एवढं सगळं असताना जिल्ह्यात सायकली चालतातच, आणि नदीकाठानेच चालतात. सकाळी दुधाचे कॅन दोन्हीकडे लटकवलेला माणूस, टोस्ट-बिस्किटाची पेटी बांधलेला, भंगाराचा भोंगा लावलेला. आणि सगळ्यांत जास्त, शाळेत जाणाऱ्या मुली. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात. लांबच्यांसाठी त्याच कार्यक्रमातल्या एसटी बस धावतात. दोन वेण्या, कॅरिअरला दप्तर, पुढच्या टोपलीत डबा, आणि चौघी-पाचजणी एका ओळीत गप्पा मारत, मागच्या ट्रकला अजिबात न जुमानता. पांदण, धुरा, पूल, नाल्यातला रपटा, सगळं त्या रोज दोनदा करतात. चिखलात कुठून जायचं, सराटा कुठे असतो, कोणत्या वावरातलं कुत्रं बांधलेलं नसतं, याचं ज्ञान जिल्ह्यात फक्त त्यांच्याकडे आहे. त्यांच्यापैकी कोणी याला ट्रेल म्हणत नाही, मनगटावर मोजत नाही, आणि पंक्चर झालं तर पहिल्या तासाला उशीर झाल्याबद्दल ओरडाही खाते.

भाच्याची सोय शेवटी अशाच एका सायकलीने होते. शाळेला दिवाळीची सुट्टी, शेजारच्या काकूंच्या मुलीची सायकल पोर्चमध्ये उभी. सीट खाली, घंटी जोरात, हँडलला गोंडे. ती खांबाच्या कुलपातून सोडवताना काकू पहिला प्रश्न विचारतात तो, कुठी जाऊन राहिला, दुसरा, काहून. भाचा येळगाव म्हणतो, नदीकाठ म्हणतो, व्यायाम म्हणतो, शेवटी मानसिक शांती म्हणतो. काकूंचा चेहरा कोरा राहतो. मग तो भाड्याचं विचारतो, तासाला किती द्यायचं.

काकू आत जातात आणि गव्हाचा डबा आणून कॅरिअरला सुतळीने घट्ट बांधतात.

“भाडं-गिडं काही नोको. सुंदरखेडच्या चक्कीवर हे टाकजो अन् येताना दळण घेऊन येजो. बारीक सांगजो.”

आता वाटेत कोणीही अडवलं, तरी त्याच्याकडे सांगायला कारण असतं.